चित्र, ध्वनी आणि अक्षर : एका गुंफणीचा इतिहास

चित्रपट ही एकसंध वस्तू आहे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः ही समजूत केवळ प्रेक्षकाची आहे. ज्याच्या हातून चित्रपट तयार होऊन बाहेर पडतो, त्याच्या दृष्टीने ती निरनिराळ्या धारांची जुळणी असते. एक धारा चित्रांची, दुसरी ध्वनीची. आणि चित्रपट परक्या भाषेच्या मुलखात गेला की तिसरी, अक्षरांची. या तिन्ही धारा वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या माणसांच्या हातून आणि पुष्कळदा वेगवेगळ्या काळी जन्माला येतात. पडद्यावरच्या माणसाचे ओठ हलतात, त्याच क्षणी त्याचा शब्द ऐकू यावा आणि त्याच क्षणी त्या शब्दाचा अर्थ पडद्याच्या तळाशी वाचता यावा, या साध्या दिसणाऱ्या गोष्टीमागे शंभराहून अधिक वर्षांचा खटाटोप उभा आहे.

या खटाटोपाचा बराच भाग व्यावसायिक चित्रगृहांत आणि प्रयोगशाळांत घडला. तथापि त्याचा एक अत्यंत उद्बोधक अध्याय हौशी लोकांनी लिहिला. जपानी चलच्चित्रमालिकांच्या चाहत्यांनी, कोणी सांगितले नसता, कोणी वेतन दिले नसता आणि खरे सांगायचे तर कोणी परवानगीही दिली नसता, त्या मालिकांना परभाषेतील उपशीर्षके जोडली. अशा कृतींना 'फॅनसब' म्हणतात. त्या निमित्ताने चित्र, ध्वनी आणि अक्षर एका संपुटात बांधण्याची जी विद्या विकसित झाली, ती आज जगभर वापरली जाते. या विद्येचा इतिहास सांगताना एक प्रश्न मात्र सतत सोबतीला राहतो. दुसऱ्याच्या कृतीत आपले अक्षर घालण्याचा अधिकार कोणाला, आणि ते घालताना मूळ कृती न पुसता कशी राखावी? तंत्राचा प्रश्न आणि नीतीचा प्रश्न येथे एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत.

प्रारंभ मूकपटाच्या काळापासून करावा लागेल. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. त्याला मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषांतील मजकुराच्या पाट्या होत्या. मूकपटात अक्षर हे चित्राच्या अंगावर बसत नसे. दोन दृश्यांच्या मध्ये त्याची स्वतंत्र पाटी येई. त्यामुळे भाषा बदलणे सोपे होते. एक पाटी काढावी, दुसरी जोडावी. चित्राला धक्का लागत नसे. चित्रपटाला त्या काळी भाषेची सीमा जवळजवळ नव्हती, असे म्हटले तरी चालेल.

बोलपटाने ही सुखाची स्थिती संपवली. पहिला प्रश्न आला तो चित्र आणि ध्वनी यांच्या मेळाचा. अमेरिकेतील व्हिटाफोन पद्धतीत ध्वनी वेगळ्या तबकडीवर असे, आणि तबकडी व फीत एकाच यंत्राने फिरवली जाई. फीत तुटली आणि जोडताना चार चित्रे गळाली, की तेथून पुढे शब्द आणि ओठ यांची फारकत होई. म्हणून गळालेल्या चित्रांच्या जागी तेवढीच कोरी काळी फीत जोडण्याचा दंडक असे. पुढे ध्वनी प्रकाशरेषेच्या रूपाने त्याच फितीच्या कडेला छापला जाऊ लागला आणि हा घोळ मिटला. तेथेही गंमत अशी की, ध्वनी आपल्या चित्राच्या शेजारी छापलेला नसतो. तो सुमारे वीस चित्रे पुढे असतो, कारण यंत्रात भिंग एका जागी आणि ध्वनी वाचणारा भाग दुसऱ्या जागी असतो. म्हणजे जे पडद्यावर एकत्र भेटावे, ते फितीवर हिशेबाने दूर ठेवावे लागते. गुंफणीचे हे पहिले सूत्र. त्याचा प्रत्यय पुढे पुन्हा येईल.

दुसरा प्रश्न भाषेचा. १९३१ साली 'आलम आरा' प्रदर्शित झाला, आणि पुढच्याच वर्षी प्रभात कंपनीने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली 'अयोध्येचा राजा' मराठीत व हिंदीत असा दोनदा चित्रित केला. सारा संसार पुन्हा मांडून दुसऱ्या भाषेत खेळ करणे हा त्या काळातला एक उपाय होता. पण तो खर्चिक होता आणि दोन-तीन भाषांपलीकडे जाणारा नव्हता. जपानने दुसरा मार्ग धरला. तेथे मूकपटाच्या काळात पडद्याशेजारी बसून कथा सांगणारे 'बेन्शी' नावाचे निवेदक असत, आणि त्यांची लोकप्रियता नटांहून कमी नसे. फेब्रुवारी १९३१ मध्ये 'मोरोक्को' हा अमेरिकन बोलपट जपानी उपशीर्षकांसह तेथे प्रदर्शित झाला. ती उपशीर्षके तामुरा योशिहिको यांनी न्यूयॉर्कला जाऊन तयार केली होती. तो प्रयोग यशस्वी झाला आणि परदेशी चित्रपट मूळ आवाजात ऐकत आपल्या लिपीत वाचण्याची सवय जपानी प्रेक्षकाला लागली. पुढे अर्ध्या शतकाने त्याच जपानच्या चित्रमालिकांना परक्या देशातील चाहते उपशीर्षके जोडू लागले, हा इतिहासाने घेतलेला एक मनोरंजक वळसा म्हणावा लागेल.

चाहत्यांच्या या उद्योगाला घरगुती चित्रफितींनी जन्म दिला. १९७५ साली बीटामॅक्स आणि १९७६ साली व्हीएचएस पद्धतीची यंत्रे बाजारात आली. १९७७ साली लॉस एंजेलिस येथे जपानी चलच्चित्रांच्या चाहत्यांचे एक मंडळ स्थापन झाले. कार्टून-फँटसी ऑर्गनायझेशन हे त्याचे नाव. जपानमधून पत्रमित्रांकडून आलेल्या फिती ही मंडळी एकत्र बसून पाहत. जपान आणि अमेरिका या दोन्ही देशांत दूरचित्रवाणीची एनटीएससी ही एकच तांत्रिक पद्धत असल्यामुळे तिकडची फीत इकडच्या यंत्रावर जशीच्या तशी चालत असे. भारतात किंवा पश्चिम युरोपच्या बहुतेक देशांत हे इतके सहज घडले नसते, कारण तेथील पद्धत निराळी होती. भाषेच्या प्रसाराला कधी कधी विजेच्या लहरींचे साम्यही कारणीभूत होते ते असे.

मात्र फीत चालली तरी भाषा कळत नव्हती. कोणी जपानी जाणणारा उभा राहून कथा सांगे, अथवा कथासाराचे चक्रमुद्रित कागद वाटले जात. बेन्शींचाच हा अनाहूत पुनर्जन्म होता. ही अडचण १९८५ साली निघालेल्या अमिगा या संगणकाने दूर केली. या संगणकाचे वैशिष्ट्य असे की, त्याच्या घड्याळाचा ठेका बाहेरून येणाऱ्या चित्रसंकेताच्या ठेक्याशी जुळवता येत असे. त्यासाठी 'जेनलॉक' नावाचे एक जोडयंत्र मिळे. संगणकाच्या पडद्याचा पार्श्वरंग पारदर्शक धरला जाई. त्यामुळे मागून चित्रफीत दिसे आणि तिच्यावर केवळ अक्षरे उमटत. एका बाजूला फीत वाजवणारे यंत्र, मध्ये अमिगा आणि जेनलॉक, दुसऱ्या बाजूला फीत भरणारे यंत्र, अशी ही मांडणी असे. भाषांतर आधी टंकून, प्रत्येक ओळीची सुरुवातीची व शेवटची वेळ नोंदवून ठेवलेली असे. मग दोन्ही यंत्रे चालू करावयाची आणि ठरलेल्या चित्राशी संगणकाचे घड्याळ सोडावयाचे. त्या क्षणी बोट चुकले तर चोवीस मिनिटांचा संपूर्ण भाग पहिल्यापासून पुन्हा भरावा लागे.

येथे अक्षर चित्रात कायमचे मुरत असे. मूळ चित्र त्याखाली होते की नव्हते, हे पुन्हा पाहण्याची सोय नव्हती. शिवाय फितीवरून फीत उतरवताना प्रत्येक पिढीत चित्र विटत जाई. रंग पसरत, रेषा थरथरत. म्हणून अधिक शुद्ध अशी लेसर तबकडी मूळ म्हणून वापरावी, पहिली प्रत सुपर-व्हीएचएस फितीवर घ्यावी, असे संकेत रूढ झाले. वाटपाचीही एक शिस्त होती. मागणी करणाऱ्याने कोरी फीत आणि परतीच्या टपालखर्चाचे तिकीट लावलेले पाकीट पाठवावे. भरून देणाऱ्याने नफा घेऊ नये. फितीच्या आरंभी विक्रीस अगर भाड्यास मनाई असल्याची सूचना झळके, आणि एखाद्या अमेरिकन कंपनीने त्या मालिकेचे हक्क विकत घेतले की वाटप थांबवावे, असा नियम बहुतेक मंडळी मानीत. हा नियम कायद्याने त्यांना निर्दोष ठरवीत नव्हता. परंतु कायद्याबाहेर उभ्या असलेल्या माणसांनी स्वतःवर घालून घेतलेले बंधन म्हणून त्याची नोंद घेतली पाहिजे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस फीत मागे पडली आणि चित्र अंकांच्या रूपाने संगणकात आले. त्या वेळी सर्वत्र प्रचारात असलेले संपुट म्हणजे मायक्रोसॉफ्ट कंपनीने नोव्हेंबर १९९२ मध्ये आणलेले एव्हीआय. संपुट हा शब्द येथे मी मुद्दाम वापरतो. चित्र कोणत्या रीतीने संक्षिप्त केले आहे, हा एक प्रश्न. आणि संक्षिप्त केलेले चित्र व ध्वनी कोणत्या वेष्टनात एकत्र ठेवले आहेत, हा दुसरा. या दोहोंची गल्लत सामान्यतः होते. एव्हीआय हे केवळ वेष्टन होते, आणि ते ज्या काळात घडले त्या काळाच्या गरजांपुरते होते. बदलत्या घनतेचा ध्वनी त्यात ओढूनताणून बसवावा लागे, आणि उपशीर्षकांसाठी सर्वमान्य अशी जागा त्यात नव्हती. २००० सालच्या सुमारास व्हर्च्युअलडब ही विनामूल्य आज्ञावली हौशी लोकांच्या हाती आली. तिचे कर्ते एव्हरी ली यांनी विद्यार्थिदशेत जपानी चलच्चित्रांच्याच कामासाठी ती लिहिण्यास प्रारंभ केला होता. तिच्या साहाय्याने अक्षरे चित्रावर छापून पुन्हा संक्षेप करता येई. म्हणजे साधन नवे झाले, पण अक्षर अजूनही चित्रात मुरतच होते. एका ७०० मेगाबाइटच्या तबकडीवर चार भाग मावावेत म्हणून एका भागाचा आकार १७५ मेगाबाइटपर्यंत आवरण्याची जी रूढी पडली, ती त्याच काळातली.

याच सुमारास अक्षरांना मात्र स्वतःचे स्वतंत्र अस्तित्व लाभत होते. उपशीर्षकांचा मजकूर साध्या पाठ्यरूपात, वेळेच्या नोंदीसह वेगळा ठेवण्याच्या पद्धती निघाल्या. सबरिप या पद्धतीची नोंद अगदी साधी असते : क्रमांक, प्रारंभ आणि अखेर यांची वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत, आणि खाली मजकूर. सबस्टेशन अल्फा आणि तिची सुधारलेली आवृत्ती यांत त्यापलीकडे अक्षराचे वळण, रंग, आकार, पडद्यावरील नेमकी जागा, इतकेच नव्हे तर गाण्यातील प्रत्येक अवयव गायकाबरोबर उजळण्याची सोय होती. २००५ साली एजिसब ही आज्ञावली निघाली. तिच्यात ध्वनीचा आलेख डोळ्यांपुढे ठेवून शब्द कोठे सुरू होतो व कोठे संपतो, हे पाहून वेळ लावता येते.

वेळेचा हा हिशेब वाटतो तितका सरळ नाही. चित्रपट सेकंदाला २४ चित्रे या गतीने चालतो, हे आपण ऐकलेले असते. पण एनटीएससी पद्धतीच्या रंगीत दूरचित्रवाणीमुळे ही गती व्यवहारात २३.९७६ झाली. चोवीस आणि २३.९७६ यांतील भेद नगण्य भासतो; परंतु तासाला तो साडेतीन सेकंदांहून अधिक भरतो आणि दोन तासांच्या चित्रपटात सात सेकंदांच्या पलीकडे जातो. उत्तर प्रश्नाच्या आधी उमटण्यास एवढा वेळ पुरेसा आहे. भारतात आणि युरोपात रूढ असलेल्या २५ चित्रांच्या गतीने तोच भाग चालवला, तर चोवीस मिनिटांत जवळजवळ एका मिनिटाचा फरक पडतो. त्यामुळे उपशीर्षके जुळत नाहीत असे दिसले, की जाणकार प्रथम एक परीक्षा करतो. चूक आरंभी आणि अखेरीस सारखीच आहे काय? तसे असेल तर सर्व ओळी ठरावीक अंतराने पुढे-मागे सरकवल्या की काम भागते. चूक हळूहळू वाढत असेल, तर दोष गतीचा आहे. तेथे सरकवून भागत नाही, सर्व वेळा प्रमाणाने ताणाव्या किंवा आखडाव्या लागतात. पहिला दोष घड्याळ चुकीचे लावल्याचा, दुसरा घड्याळच मंद वा जलद असल्याचा. हा विवेक ज्याला नाही, त्याच्या हातून जुळणी कधीच होत नाही.

तीन धारांना एका छत्राखाली आणण्याचे काम डिसेंबर २००२ मध्ये सुरू झाले. मल्टिमीडिया कंटेनर फॉरमॅट नावाच्या एका जुन्या प्रकल्पातील कार्यकर्त्यांत संपुटाच्या अंतर्गत रचनेविषयी मतभेद झाला, आणि त्यातून फुटून मट्रोस्का हे नवे संपुट जन्मास आले. नाव रशियातील एकात एक बसणाऱ्या लाकडी बाहुल्यांवरून घेतलेले आहे, आणि ते सार्थ आहे. बाहेरच्या घटकात आतला घटक, त्याच्या आत आणखी एक, अशी त्याची रचना. प्रत्येक घटकाला आपली ओळख आणि आपली लांबी सांगता येते; त्यामुळे एखाद्या यंत्राला अपरिचित घटक भेटला तर तो तेवढी लांबी ओलांडून पुढे जातो, अडून बसत नाही. पुढे येणाऱ्या काळासाठी जागा राखून ठेवणारी ही दूरदृष्टी होती.

आमच्या कचेरीतील व्यवहारात याला एक जवळचा दाखला आहे. सरकारी नस्तीत एका बाजूस पत्रव्यवहार असतो, दुसऱ्या बाजूस टिपण्या असतात. दोन्ही एकाच दोऱ्याने बांधलेले असले तरी टिपणी लिहिणारा मूळ पत्रावर शाई चालवीत नाही. नस्तीला शीर्षक असते, अनुक्रम असतो, आणि आवश्यक ती परिशिष्टे मागे जोडलेली असतात. मट्रोस्काची मांडणी याच न्यायाने झालेली आहे. आरंभी विषयनोंद, मग आत किती धारा आहेत, प्रत्येकीचा प्रकार व भाषा कोणती, आपोआप कोणती लावावी, याची यादी, मग प्रत्यक्ष मजकूर, शोध घेण्यासाठी सूची, आणि परिशिष्टे. मजकूर मात्र धारेनिहाय वेगळा रचलेला नसतो. थोडे चित्र, तेवढ्या वेळेचा ध्वनी, त्या वेळी यावयाचे अक्षर, पुन्हा चित्र, असा तो काळाच्या क्रमाने आळीपाळीने गुंफलेला असतो. कारण वाचणारे यंत्र फितीप्रमाणेच पुढे पुढे जात असते; एका क्षणासाठी लागणाऱ्या तिन्ही वस्तू त्याला हाताशी सापडल्या पाहिजेत. एकाच वाहिनीत अनेक प्रवाह आळीपाळीने सोडण्याची ही कल्पना तारायंत्राइतकी जुनी आहे. फ्रान्सच्या एमिल बोदो यांनी १८७४ साली एकाच तारेवर अनेक संदेश पाळीपाळीने पाठवण्याची युक्ती सिद्ध केली होती.

या गुंफणीचे प्रत्यक्ष काम करणारी साधने मोरित्झ बुंकुस यांनी एमकेव्हीटूलनिक्स या नावाने तयार केली. तिच्यापुढे चित्राची फाइल, ध्वनीची एक वा अनेक, अक्षरांची एक वा अनेक, अशा ठेवावयाच्या. प्रत्येकीला भाषा आणि नाव द्यावयाचे. एखादी धारा मागे-पुढे असेल तर किती सहस्रांश सेकंदांनी सरकवावी ते सांगावयाचे. आणि बांधणीची आज्ञा द्यावयाची. या बांधणीत चित्राचा पुन्हा संक्षेप होत नाही. म्हणून गुणाला यत्किंचितही बाध येत नाही आणि ज्या कामाला पूर्वी तास लागत ते काही क्षणांत आटोपते. चूक निघाली, तर गाठ सोडून केवळ अक्षरधारा बदलता येते. सर्वांत मोठी गोष्ट अशी की, प्रेक्षक इच्छेनुसार अक्षरे बंद करू शकतो. मूळ कृती अक्षरांखाली दडपली न जाता शेजारी अखंड राहते.

भारतीय लिप्यांच्या दृष्टीने यातील परिशिष्टांची सोय फार मोलाची ठरली. अक्षरांचा जो टंक वापरला असेल, तो संपुटातच जोडून पाठवता येतो. पाहणाऱ्याच्या संगणकावर तो असो वा नसो. देवनागरीत तेवढ्यानेही भागत नाही. 'कि' लिहिताना संगणकात आधी 'क' आणि मग ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते, पण चित्रात वेलांटी आधी यावी लागते; जोडाक्षरे आपला आकारच बदलतात. अक्षरे एकामागून एक मांडणाऱ्या साध्या आज्ञावलीच्या हाती मराठी पडली तर तिची चाळण होते. अक्षरांची घडण जाणणारी यंत्रणा उपशीर्षके रेखाटणाऱ्या आज्ञावलींत समाविष्ट झाल्यावरच आपली लिपी पडद्यावर नीट उभी राहिली. आणखी एक बारकावा सांगण्यासारखा आहे. मट्रोस्कात धारेची भाषा नमूद केली नाही, तर नियमाने ती इंग्रजी समजली जाते. मराठी उपशीर्षके बांधणाराने 'एमएआर' हा आपल्या भाषेचा संकेत लिहिण्याचा आळस केला, तर त्याची मराठी जगाच्या लेखी इंग्रजी ठरते. आपली ओळख आपण नोंदवली नाही, तर ती दुसऱ्याच्या नावे जमा होते, हे दप्तरातच नव्हे तर येथेही खरे आहे.

हौशी मंडळींच्या या घरगुती विद्येला पुढे प्रतिष्ठाही लाभली. २०१० साली गूगल कंपनीने महाजालावरील चित्रांसाठी वेबएम हे संपुट जाहीर केले, ते मट्रोस्काच्याच पायावर. २०१५ साली निघालेल्या विंडोज १० मध्ये मट्रोस्काला मुळातच स्थान मिळाले. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये महाजालाचे तांत्रिक प्रमाण ठरवणाऱ्या मंडळाने ९५५९ या क्रमांकाच्या लेखाद्वारे त्याचे रीतसर विवरण प्रसिद्ध केले. हौसेने आरंभलेली वस्तू बावीस वर्षांत प्रमाणग्रंथात जाऊन बसली.

आता नीतीच्या प्रश्नाकडे वळले पाहिजे. भाषांतराचा हक्क मूळ कर्त्याचा आहे, हे तत्त्व १८८६ च्या बर्न करारापासून जगाने मानले आहे, आणि आपल्या १९५७ च्या कायद्यातही ते स्वीकारलेले आहे. त्यामुळे परवानगीवाचून केलेली उपशीर्षके कितीही निःस्वार्थ असली तरी कायदेशीर ठरत नाहीत. डिसेंबर २००४ मध्ये मीडिया फॅक्टरी या जपानी कंपनीने वकिलामार्फत आपल्या मालिकांचे असे वाटप थांबवण्यास सांगितले, तेव्हा सौजन्याच्या अलिखित कराराची मर्यादा स्पष्ट झाली. एप्रिल २०१७ मध्ये ॲम्स्टरडॅम येथील न्यायालयाने तर केवळ अक्षरांच्या वेगळ्या फाइलीलाही परवानगी लागते, असा निर्णय दिला. २०२१ साली शांघायमध्ये उपशीर्षकांसह चित्रपट पुरवणाऱ्या एका मोठ्या गटातील चौदा जणांना अटक झाली. तंत्राने अक्षर चित्रापासून मोकळे केले. कायद्याने ते मूळ संवादाशी बांधलेलेच मानले.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. २००६ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या क्रंचिरोल या संस्थेवर आरंभी चाहत्यांनी चढवलेल्या विनापरवाना कृती मोठ्या प्रमाणात होत्या. जानेवारी २००९ पासून तिने परवान्याचा मार्ग धरला आणि जपानमध्ये प्रसारण होताच थोड्याच अवधीत उपशीर्षकांसह मालिका देण्यास प्रारंभ केला. ज्या गरजेतून फॅनसब जन्मले, ती गरज ओळखून पुरी करणे हाच त्यावरचा टिकाऊ उपाय आहे, हे यातून दिसून आले. बंदीने जे साधले नाही, ते वेळेवर केलेल्या पुरवठ्याने बरेचसे साधले.

हौशी भाषांतरकारांनी भाषांतराच्या कलेतही भर घातली, हे मान्य केले पाहिजे. चित्रपटाचे अभ्यासक आबे मार्क नॉर्नेस यांनी १९९९ साली लिहिलेल्या एका निबंधात या मंडळींच्या धाडसाची दखल घेतली. व्यावसायिक उपशीर्षककार प्रेक्षकाला अडचण होऊ नये म्हणून परकेपणा घासून टाकतो. चाहते तो जपतात. एखादी म्हण, एखादे संबोधन, एखादा शब्दखेळ तसाच ठेवून पडद्याच्या वरच्या कडेला टीप देतात. आपल्याला हे नवीन वाटण्याचे कारण नाही. आपल्या हस्तलिखित पोथ्यांत मूळ श्लोक मध्यभागी मोठ्या अक्षरांत आणि टीका त्याच्या वर व खाली बारीक अक्षरांत लिहिण्याची पद्धत होती. टीकाकार मूळ झाकीत नसे, आणि वाचणारा कोठले अक्षर कोणाचे हे एका दृष्टिक्षेपात ओळखीत असे.

भारतासारख्या बहुभाषी देशाला या विद्येचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. दूरदर्शनवर रविवारी दुपारी निरनिराळ्या प्रांतांचे चित्रपट इंग्रजी उपशीर्षकांसह दाखवले जात, तेव्हा अनेक घरांनी बंगाली, मल्याळी वा आसामी भाषा प्रथमच आपल्या बैठकीत ऐकली. १९९३ साली त्याच दूरदर्शनवर मोगलीची जपानी मालिका आली, ती मात्र हिंदी ध्वनी चढवून. ती जपानी आहे याची जाणीवही बहुतेक मुलांना नव्हती. ध्वनी बदलला की मूळ भाषा अदृश्य होते; अक्षर जोडले की ती कानावर राहते. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील ब्रिज कोठारी यांनी १९९६ साली याहून निराळी कल्पना मांडली : गाणे ज्या भाषेत आहे त्याच भाषेत ते अक्षरांत दाखवावे, म्हणजे नुकतेच वाचू लागलेल्यांना सराव होईल. १९९९ साली गुजराती 'चित्रगीत' आणि २००२ साली 'चित्रहार' या कार्यक्रमांत ती अमलात आली. केरळात २०१२ पासून हौशी मंडळी जगातील चित्रपटांना मल्याळी उपशीर्षके तयार करीत आली आहेत.

मराठीत या बाजूने करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्यासाठी कायद्याची रेषा ओलांडण्याचेही कारण नाही. आपल्या कायद्यानुसार चित्रपटावरील स्वामित्वहक्क तो प्रसिद्ध झालेल्या वर्षानंतर साठ वर्षांनी संपतो. त्यातील गीते व कथा यांचा हक्क त्यांच्या कर्त्याच्या मृत्यूच्या वर्षानंतरच्या साठ वर्षांवर अवलंबून असतो. तेवढी चौकशी मात्र प्रत्येक वेळी स्वतंत्रपणे केली पाहिजे. १९३६ चा 'संत तुकाराम' पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गेला होता. अशा चित्रपटांना कानडी, तामिळ, बंगाली उपशीर्षके हवीत; आणि त्या भाषांतील जुन्या चित्रपटांना मराठी हवीत. नागपूरच्या विद्यार्थ्याने घटक यांचा चित्रपट मूळ बंगालीत ऐकत मराठीत वाचावा, कोलकात्याच्या विद्यार्थ्याने तुकोबांची वाणी मराठीत ऐकत बंगालीत वाचावी, हे आज एका साध्या घरगुती संगणकावर शक्य आहे. यंत्र विनामूल्य आहे, विद्या उघडी आहे. उणीव आहे ती चिकाटीने वेळा लावणाऱ्या, शब्द पारखणाऱ्या आणि आपली भाषा कोणती हे नीट नोंदवणाऱ्या माणसांची.

मूकपटाची पाटी चित्राच्या मध्ये येई; फितीच्या काळात अक्षर चित्राच्या अंगावर बसले; आता ते चित्राच्या सोबत चालते आणि सांगितले की बाजूला होते. भाषांतराने मूळ कृतीशी कसे वागावे, याचे उत्तर तंत्राला या तिसऱ्या टप्प्यावर सापडले आहे. ते अमलात आणताना मूळ कर्त्याची संमतीही त्याच संपुटात असावी, एवढी दक्षता बाळगली, तर भाषाभाषांमधला हा व्यवहार दोन्ही बाजूंना शोभणारा होईल.